खेळातली खोट काढण्याची नोकरी

एका २५ वर्षांच्या वाचकाने सविस्तर पत्र पाठवले आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यापासून तीन वर्षे ते एका कार्यालयात हिशेब तपासणीचे काम करतात. नोंदी ताडून पाहायच्या, फरक शोधायचा आणि तो का पडला हे लिहून द्यायचे, असे त्या कामाचे स्वरूप आहे. व्हिडिओ गेमची आवड त्यांना शाळेपासून आहे. रोज संध्याकाळी तीन-चार तास खेळणे होते आणि मित्रमंडळींत त्यांच्याइतका तरबेज कोणी नाही. आता नोकरी सोडून गेम टेस्टर, म्हणजे गेममधल्या चुका शोधणारा, व्हावे, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. तीन महिन्यांच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाने 'नोकरीची हमी' दिली असून शुल्क आगाऊ भरायचे आहे आणि सवलतीची मुदत महिनाअखेर संपते. दोन वर्षे टेस्टिंग केले की तिथूनच गेम डिझाइनमध्ये जाता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. वडील मात्र म्हणतात, "खेळून कोणाचे पोट भरले आहे?" वाचकाचा प्रश्न असा: "मला प्रोग्रामिंग येत नाही. तरीही ही उडी घ्यावी का? आवडीचे काम असेल तर पगार कमी मिळाला तरी माझी हरकत नाही."

तुमचे पत्र वाचताना एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. तुम्ही किती चांगले खेळता हे चार ठिकाणी लिहिले आहे, आणि ज्या कामात दिवसाचे आठ तास जातात त्याची बोळवण 'कंटाळवाणी आकडेमोड' या दोन शब्दांत केली आहे. गेम टेस्टर होण्यासाठी आपली संध्याकाळ कामी येईल आणि दिवस वाया गेला, असे तुम्ही धरून चालला आहात. मला नेमके उलटे वाटते, आणि या उत्तराचा बराचसा भाग ते का वाटते हे सांगण्यातच जाणार आहे.

हे सदर लिहू लागण्याआधी काही वर्षे मी हेच काम केले आहे. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या वाट्याला एका किल्ल्याची लेव्हल आली. शत्रू बंद करून ठेवलेले, संगीत बंद, वेळेचे बंधन नाही. करायचे एवढेच की पात्राला प्रत्येक भिंतीशी न्यायचे, कोपऱ्यात रेटायचे, वाकवून पाहायचे, पळत येऊन धडकवायचे, ते कुठे भिंतीतून आरपार जाते का किंवा दगडांच्या फटीत अडकते का हे बघायचे, आणि तपासून झालेल्या जागेवर गेममधल्याच नकाशात खूण करायची. एक बुरूज झाला की दुसरा. चौथ्या दिवशी दुपारी एका जिन्याखाली पात्र फरशीतून खाली गेले आणि राखाडी पोकळीत पडतच राहिले. मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच. शेजारच्या जुन्या सहकाऱ्यांनी खुर्ची वळवली, पडद्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "छान. आता पुन्हा पाडून दाखवा."

पुढचा दीड दिवस मला ते जमले नाही. त्याच जिन्याखाली शे-दीडशे वेळा जाऊन झाले, पण फरशी पक्की. शेवटी उमगले की पात्र वाकलेले असताना नकाशा उघडला तरच ते खाली जाते, आणि त्या दुपारी मी खूण करण्यासाठी सवयीने नकाशा उघडला होता. तो दीड दिवस ज्याला कंटाळवाणा वाटेल त्याने या नोकरीच्या वाटेला जाऊ नये, मग तो कितीही उत्तम खेळाडू असो. उत्तम खेळाडूची इथे कधीकधी अडचणच होते, कारण सरावाने तो ठरलेल्या वाटेनेच सराईतपणे जातो. टेस्टरला मात्र नवख्यासारखे अडखळावे लागते, संवाद चालू असताना कंट्रोलरची वायर काढावी लागते आणि पात्र मरता मरता गेम थांबवून पाहावा लागतो.

चूक सापडल्यानंतर ती लिहायची असते, आणि माझ्या मते या पेशातले खरे कसब तिथेच आहे. मित्राला आपण सांगतो, "त्या जिन्याखाली गेम गंडतो." अहवालात हेच वेगळ्या तऱ्हेने उतरते. कोणते बिल्ड (गेमची चाचणीसाठी आलेली आवृत्ती), कोणते कन्सोल (गेम खेळण्याचे यंत्र) हे आधी येते. मग पायऱ्या: उत्तर बुरुजाजवळच्या जिन्याखाली पात्र उभे करा, वाकण्याचे बटण दाबून धरा, ते दाबलेले असतानाच नकाशा उघडा, नकाशा बंद करा. अपेक्षित काय, तर पात्र फरशीवरच राहावे. प्रत्यक्षात काय, तर पात्र फरशीतून खाली पडते आणि गेम पुन्हा सुरू करावा लागतो. किती वेळा घडते? दहापैकी दहा वेळा. दहापैकी दोनदाच घडत असेल तर तसेच लिहायचे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. सोबत वीस सेकंदांचा व्हिडिओ आणि लॉग फाइल, म्हणजे गेम चालताना आपोआप होणाऱ्या नोंदी. बग, म्हणजे सापडलेली चूक, किती गंभीर आहे आणि तो दुरुस्त करण्याची घाई किती आहे, या दोन नोंदी वेगवेगळ्या असतात, कारण पहिल्याच पडद्यावर गेमच्या नावात एक अक्षर चुकले असेल तर त्याने गेम बिघडत काहीच नाही, पण ते आजच दुरुस्त व्हायला हवे. असे अहवाल बहुतेक ठिकाणी जिरासारख्या, कामांचा माग ठेवणाऱ्या प्रणालीत नोंदवले जातात आणि तिथून ते 'डुप्लिकेट', 'पुन्हा घडले नाही' किंवा 'हे असेच अपेक्षित आहे' असे शेरे घेऊन परतही येतात. आपल्या अहवालावर असा शेरा पाहून राग येतो. तो गिळून आणखी पुरावा गोळा करता येणे हाही कामाचाच भाग आहे.

आता सांगा, यातले काय तुम्हाला अनोळखी आहे? ताळमेळ बसत नसला की नोंदीमागून नोंद उलगडत मूळ कागदापर्यंत मागे जायचे, फरक कुठे पडला ते शोधायचे, आणि ज्याने ती वही कधी पाहिलीच नाही अशा माणसाला समजेल अशा शब्दांत ते मांडायचे, हे तुम्ही तीन वर्षे करत आला आहात. मुलाखतीत तुमच्यासारखे शंभर जण 'मला गेम खूप आवडतात' असे सांगतील. फरक शोधून त्याचे कारण लेखी देण्याचा तीन वर्षांचा अनुभव त्यांतल्या किती जणांकडे असेल?

हिशेबाच्या चुका आणि गेमच्या चुका यांची जातकुळी एकच असते, याचे एक जुने उदाहरण देते. १९८० साली आलेल्या पॅक-मॅनमध्ये टप्प्याचा क्रमांक एकाच बाइटमध्ये साठवलेला होता, आणि एका बाइटमध्ये २५५ च्या पुढची संख्या मावत नाही. त्यामुळे २५६ व्या टप्प्यावर पडद्याच्या तळाशी फळांची चित्रे काढणारा हिशेब उलटतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरे-चिन्हांच्या कचऱ्याने भरून जातो. तो टप्पा कोणालाच रीतसर पूर्ण करता येत नाही. टेस्टर म्हणून यातून घ्यायची सवय अशी की कोणतीही मर्यादा दिसली की तिच्या अलीकडची, बरोबर तिच्यावरची आणि पलीकडची संख्या देऊन पाहायची, शिवाय शून्यही. खिशात वस्तूच्या किमतीइतकीच नाणी आहेत, एक कमी आहे, एकही नाही. दुसरे उदाहरण २०१३ च्या एलियन्स: कलोनियल मरीन्स या गेमचे आहे. शत्रूंच्या हालचालींशी संबंधित एका सेटिंग फाइलमध्ये एका इंग्रजी शब्दात एक अक्षर जास्त पडले होते. ते कोणाच्या ध्यानात यायला काही वर्षे गेली, आणि ते काढल्यावर शत्रू आधीपेक्षा बरेच शहाण्यासारखे वागू लागले. एक जादा अक्षर. ही नजर तुम्ही रोज वापरता.

तुमच्या पत्रातले दुसरे गृहीतक मला अधिक खटकले. 'पगार कमी मिळाला तरी माझी हरकत नाही' हे वाक्य कृपा करून मुलाखतीत उच्चारू नका, आणि शक्य असेल तर मनातूनही काढून टाका. आवडीच्या नावाखाली कमी मोबदल्यात जास्त तास काम करून घेण्याची खोड या उद्योगाला फार जुनी आहे आणि तिचा पहिला भार टेस्टरवर पडतो. पुष्कळशी भरती कंत्राटी असते. गेम बाजारात येण्याच्या आधीच्या महिन्यांत माणसे वाढवली जातात, रात्री उशिरापर्यंत बसवली जातात, आणि गेम बाहेर पडला की कंत्राट संपते. अमेरिकेतल्या रेव्हन सॉफ्टवेअर या स्टुडिओत डिसेंबर २०२१ मध्ये काही कंत्राटी टेस्टरना मुदतवाढ मिळणार नाही असे कळवण्यात आले, तेव्हा सहकाऱ्यांनी काम थांबवले, आणि मे २०२२ मध्ये तिथल्या टेस्टरनी १९ विरुद्ध ३ मतांनी संघटना स्थापन केली. जानेवारी २०२३ मध्ये झेनिमॅक्स या दुसऱ्या गेम कंपनीच्या सुमारे ३०० टेस्टरनीही तेच केले. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. नेमणूक कायम की कंत्राटी, किती महिन्यांची, जादा तासांचा मोबदला मिळतो का, आणि गेम प्रसिद्ध झाल्यावर पुढे काय, हे चार प्रश्न होकार देण्याआधी विचारायचे असतात, आणि ते विचारणारा उमेदवार उद्धट ठरत नाही.

आवडीबद्दल आणखी एक सांगते. ज्या गेमवर मी आठ महिने काम केले तो मी घरी आजवर एकदाही खेळलेला नाही. त्यातली प्रत्येक फरशी मला पाठ आहे, पण त्या गोष्टीचा शेवट काय होतो याचे मला काहीच कौतुक उरले नाही. खेळण्याचा छंद हा तुमचा विसावा असेल, तर त्याचीच नोकरी झाल्यावर विसाव्यासाठी दुसरे काही लागेल, याचा विचार आतापासून करून ठेवा.

तिसरी गोष्ट तो अभ्यासक्रम. नोकरीची हमी देऊन आगाऊ शुल्क मागणाऱ्या कोणाकडेही संशयानेच पाहावे, कारण नोकरी देणे ज्याच्या हातात असते तो उमेदवाराकडून पैसे घेत नाही, आणि जो पैसे घेतो त्याच्या हातात सहसा नोकरी नसते. घरबसल्या गेम खेळा आणि कमवा अशा जाहिरातीही त्याच पंक्तीतल्या. गेम आवडला का, कुठे कंटाळा आला, हे बाहेरच्या लोकांना बोलावून विचारतात त्याला प्लेटेस्ट म्हणतात; तिथे तुमचे मत हवे असते, ते एखाद्या दिवसाचे काम असते आणि त्याची नोकरी होत नाही. शिकायचेच असेल तर आयएसटीक्यूबी या सॉफ्टवेअर चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाचा पायाभूत अभ्यासक्रम त्यांच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतो. परीक्षा ४० प्रश्नांची असते, उत्तीर्ण होण्यासाठी ६५ टक्के गुण लागतात, आणि वर्ग न लावता स्वतः अभ्यास करूनही ती देता येते. त्यानंतर घेण्यासाठी गेम टेस्टिंगचे वेगळे प्रमाणपत्रही याच मंडळाचे आहे. या प्रमाणपत्रांनी नोकरी मिळतेच असे मी म्हणणार नाही. कामाची परिभाषा मात्र त्यांतून पक्की होते.

प्रोग्रामिंगची भीती निदान सुरुवातीला बाजूला ठेवा. पहिल्या पायरीवर त्यावाचून अडत नाही. त्याच पायरीवर राहायचे नसेल तर मात्र दोन-तीन वर्षांत थोडे पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा), थोडे एसक्यूएल (माहितीसाठ्यातून नोंदी काढण्याची भाषा) आणि गेम ज्यांवर बनवतात त्या युनिटी किंवा अनरियलसारख्या इंजिनाची तोंडओळख लागेल, कारण वारंवार करायच्या तपासण्या यंत्राकडून करवून घेणाऱ्यांना मागणीही जास्त असते आणि पगारही.

डिझाइनमध्ये जाण्याचा तुमचा अंदाज अगदीच निराधार नाही. टेस्टिंगमधून पुढे गेलेले डिझायनर आणि निर्मितीप्रमुख या उद्योगात आहेत. परंतु हा जिना आपोआप वर जात नाही. कीवर्ड्स स्टुडिओज किंवा टेस्ट्रॉनिकसारख्या कंपन्या इतरांच्या गेमची चाचणी कंत्राटाने करून देतात. तिथे तुम्ही ज्या गेमवर काम करता त्याचे डिझायनर दुसऱ्याच कंपनीत, बहुधा दुसऱ्याच देशात बसलेले असतात, आणि तुमचे नाव त्यांच्यापर्यंत अहवालापुरतेच पोचते. स्टुडिओच्या स्वतःच्या चाचणी विभागात शिरकाव मिळाला तर गोष्ट वेगळी. डिझायनरच व्हायचे असेल तर टेस्टिंगची दोन वर्षे वाट न पाहता छोटे छोटे गेम आजपासून बनवायला घ्या. तो मार्ग अधिक सरळ आहे. आणि टेस्टिंगमध्येच पुढे जायचे असेल तर तिथेही प्रमुख टेस्टर, चाचणी व्यवस्थापक अशी स्वतंत्र वाट आहे. तिला कोणी वेटिंग रूम समजू नये.

या कामाचा एक प्रकार तुमच्यासाठी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या कन्सोल कंपन्यांच्या नियमावल्या असतात, आणि गेम त्यांत बसला नाही तर त्यांच्या कन्सोलवर प्रसिद्ध करता येत नाही. कंट्रोलरचा संपर्क अचानक तुटला तर गेमने थांबावे, सेव्ह होत असताना तसे दाखवावे, अशा स्वरूपाचे शेकडो नियम एकेक करून ताडून पाहावे लागतात. बहुतेक टेस्टरना हे काम रुक्ष वाटते आणि म्हणूनच ते मन लावून करणारा माणूस विभागाला हवा असतो. हिशेब तपासणीच्या नियमावलीला सरावलेल्या माणसाला त्यात काय जड जाणार? भाषांवर प्रभुत्व असेल तर भाषांतरित गेमची चाचणी हाही एक दरवाजा आहे. बटणात न मावणारा मजकूर, फुटलेली जोडाक्षरे, पुरुष पात्राच्या तोंडी स्त्रीलिंगी क्रियापद, अशा चुका त्या भाषेत वाढलेल्या माणसालाच चटकन दिसतात.

तेव्हा नोकरी आत्ताच सोडू नका. पुढचे पंधरा दिवस संध्याकाळी दोन तास एकच गेम घ्या, आणि त्यातही एकच गोष्ट, समजा सेव्ह करणे आणि सेव्ह केलेले पुन्हा उघडणे. पुढे खेळायचे नाही. सेव्ह होत असताना गेम बंद केला तर काय होते? साठवणुकीची जागा संपली असेल तर? यंत्राचे घड्याळ मागे केले, मधेच भाषा बदलली, एकच सेव्ह दोन यंत्रांवर उघडला तर? काय करून पाहिले आणि काय झाले हे वहीत लिहीत जा, काही चुकीचे घडले नाही तरीही लिहा. सहाव्या-सातव्या दिवशी हात आपोआप पुढची लेव्हल खेळण्याकडे वळू लागला, तर हे काम आपल्याला मानवेल का, याचे उत्तर शुल्क न भरता मिळेल. उलट, आणखी एक तऱ्हा सुचली म्हणून झोप उडाली, तर तेही उत्तरच आहे.

ते उत्तर होकारार्थी आले तर पुढचे दोन-तीन महिने सुपरटक्सकार्ट किंवा द बॅटल फॉर वेसनॉथसारख्या मुक्तस्रोत (ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा) गेमच्या बग-नोंदी वाचण्यात घालवा. त्या कोणालाही पाहता येतात. आल्याआल्या स्वतःचे अहवाल टाकण्याची घाई करू नका. आधी इतरांनी नोंदवलेले बग आपल्या यंत्रावर घडवून पाहा आणि 'अमुक आवृत्तीवर मलाही असे दिसले' किंवा 'इतक्या प्रयत्नांत दिसले नाही' असे नेमके लिहा. विकसकांना अशा माणसांचे फार मोल असते. मग, तीच चूक आधी कोणी नोंदवली नाही ना हे शोधून, स्वतःचे अहवाल लिहा. असे दहा चांगले अहवाल अर्जासोबत जोडले तर ते कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतात. एक सावधगिरी मात्र हवी: गोपनीयतेचा करार करून ज्या बीटामध्ये (गेम येण्याआधीच्या चाचणी आवृत्तीत) भाग घेतला असेल तिथले एकही चित्र किंवा ओळ यात येता कामा नये, कारण तेवढ्यावरून अर्ज बाजूला पडतो, आणि ते रास्तही आहे.

मधला एक रस्ताही आहे, जो तुम्ही विचारात घेतलेला दिसत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची चाचणी करणाऱ्या कंपन्यांना हिशेब कळणारे टेस्टर हवे असतात आणि तिथे तुमची तीन वर्षे थेट जमेस धरली जातात. तिथे चाचणीची शिस्त, जिरा आणि थोडे ऑटोमेशन शिकून वर्ष-दीड वर्षाने गेमकडे वळलात, तर तुम्ही नवशिके म्हणून दारात उभे राहणार नाही. उत्साह अनावर असेल तर हा रस्ता लांबचा वाटेल. माझ्या हातात असते तर मी तुम्हाला याच रस्त्याने पाठवले असते.

वडिलांशी वाद घालू नका, कारण खेळण्याचे पैसे कोणी देत नाही हे त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. पंधरा दिवसांनी ती वही त्यांच्यापुढे ठेवा आणि कामाचे पैसे कशाचे मिळतात ते दाखवा. तुमच्या कार्यालयातल्या कामाशी त्याचे साम्य तुमच्याआधी त्यांना दिसले तर मला नवल वाटणार नाही.

राहिली सवलतीची मुदत. ती महिनाअखेर संपते आहे, तर खुशाल संपू द्या. त्या वहीतला तुम्हाला सर्वांत पक्का वाटणारा एक अहवाल मला पाठवा. गेमचे नाव, आवृत्ती आणि पायऱ्या तेवढ्या नीट लिहा. मी त्याच पायऱ्यांनी जाऊन ती चूक माझ्याकडेही घडते का ते पाहीन आणि तुम्हाला कळवीन.